चूळभर पाणी

देव आहे की नाही, या प्रश्नाने माझी झोप कधी उडाली नव्हती. मी डॉक्टर आहे, ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या हॉस्पिटलमध्ये काम करते. नवरा इथल्याच सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. गणपती-गौरी आम्ही बसवतो, पण खरं सांगायचं तर सवय म्हणून. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्याला कुणी योगायोग म्हटलं, तर मी भांडायला येणार नाही.

आमची इरा तान्ही असताना पुण्याच्या एका संस्थेतून आमच्याकडे आली. आता बारा वर्षांची आहे. आम्ही तिच्यापासून काहीच लपवलं नाही, आणि तीही लपवत नाही. कुणी विचारायचा अवकाश, "आय ॲम अडॉप्टेड, ॲक्चुअली," असं सांगून ती मोकळी होते. मला त्याचं कौतुकच वाटायचं. यंदा गणपतीच्या दर्शनाला ओळखीच्या एक काकू आल्या होत्या. इराला न्याहाळून म्हणाल्या, "कोणावर गेलीये गं ही? ना आईवर, ना बापावर." इराने ठरलेलं वाक्य सांगितलं. काकू ओशाळल्या, "अय्या, कळत पण नाही हं," म्हणाल्या आणि मोदकाकडे वळल्या. मला वाटलं, संपला विषय.

तो संपला नव्हता. आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. घरातल्या मुलीने पाणवठ्यावरून सात खडे आणायचे. खडे घेतल्यापासून उंबरठ्यापर्यंत तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे बोलणं आपोआप बंद. चूळ सुटली तर परत जाऊन पहिल्यापासून. हे काम लहानपणापासून इराचं. पण गौरी यायच्या आदल्या दिवशी तिने सांगून टाकलं की यंदा ती आणणार नाही. रडारड नाही, आदळआपट नाही. "आई, इट डझंट काउंट. मी या फॅमिलीतली दिसत पण नाही. गौरीला कळत असेलच ना?"

मी तिला समजावलं, प्रेमाचं नातं रक्ताच्या नात्याहून मोठं असतं वगैरे. "आय नो," ती म्हणाली, अगदी शहाण्यासारखी. ते 'आय नो' मला फार लागलं. पेशंटच्या नातेवाइकांशी काय बोलायचं ते मला कळतं, पोटच्यासारख्या वाढवलेल्या पोरीशी काय बोलायचं ते कळेना. मग देव्हाऱ्यासमोर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा हात टेकले. "बाई, तूच बघ आता. माझ्याच्याने होत नाही," एवढंच म्हटलं. याहून चांगली प्रार्थना मला येत नाही.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांनी नातीशी वाद घातला नाही. "बरं, मी आणते," म्हणाल्या. आता त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, खाली वाकणं म्हणजे संकट. शेवटी इराच म्हणाली की आजीला खडे उचलून देईन, पण फक्त तेवढंच. जो उचलेल त्याने चूळ धरायची, असं आजीने सांगितल्यावर तिने खांदे उडवले.

कालगुर्लीला नदी नाही, प्यायचं पाणीसुद्धा पर्थकडून पाइपने येतं. आमचा पाणवठा म्हणजे बागेतलं बदकांचं तळं. इराने काठावरचे खडे बाटलीतल्या पाण्याने धुऊन ताम्हनात ठेवले, चूळ भरली आणि गाडीकडे निघाली. शेजारी आजी, मागे मी. समोरून कुत्र्याला फिरवत एक म्हाताऱ्या गोऱ्या बाई येत होत्या. त्या थांबल्या, दोघींकडे बघून हसल्या आणि इराला म्हणाल्या, "यू वॉक जस्ट लाइक युअर नॅन, डार्ल."

इरा जागच्या जागी थांबली. तिचं वाक्य तिच्या जिभेवर होतं, पण गालांत पाणी. तिने माझ्याकडे पाहिलं, तू सांग अशा नजरेने. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते नुसतं "थँक यू." बाई पुढे निघून गेल्या.

"काय म्हणाल्या गं त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाल्या, नात अगदी आजीसारखी चालते."

सासूबाईंनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग इराच्या. दोघींची पावलं बाहेर वळलेली, फेंगडी. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "घेऊन घेऊन माझं हेच घेतलंस होय?"

इराला हसू फुटलं. खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटली चूळ. तिने एका हाताने ताम्हन छातीशी धरलं, दुसऱ्याने तोंड घट्ट दाबलं. आदल्या दिवशी जिच्या लेखी यातलं काहीच काउंट होत नव्हतं, तिने चूळ सोडली नाही. गाडीत नाही, दारात मी तिच्या पायांवर दूध-पाणी घालेपर्यंत नाही. सासूबाई घंटा वाजवत विचारत होत्या, "गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी" हे उत्तर मी द्यायचं असतं. मला रडू आल्यामुळे ते नीट देता आलं नाही.

त्या बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत, आणि मी त्यांना शोधलंही नाही. मी मागितलं होतं ते मला मिळालं, माझ्या शब्दांची गरज न पडता. तेव्हापासून जिथे माझं चालत नाही तिथे मी थोडं गप्प बसायला शिकते आहे. गौरीचे हे उपकार आहेत.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला त्याच काकू आल्या. बिचाऱ्या इराची नजर चुकवत होत्या. इराच खिरीची वाटी घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही विचारलं होतं ना, मी कोणावर गेलेय? चालायला आजीवर."