मेजाबाहेरची रंभाबाई

आमच्या चर्चला शंभर वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी माढ्याच्या शाळेत शिकवते, आणि शिकवणाऱ्या माणसाला लिहिताही येतं असा मंडळीच्या पंचांचा समज आहे. टेंभुर्णीच्या रस्त्यावरचं आमचं गाव. ख्रिस्ती घरं बावीस, त्यातली निम्मी कुलूप लावून पुण्याला गेलेली. जुने कागद वाळवीनं खाल्लेले. मग उरली रंभाबाई.

रंभाबाई माझी सख्खी मावशी. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं ती चर्च झाडते आणि प्रभुभोजनासाठी, म्हणजे महिन्यातून एकदा होणाऱ्या भाकरी-पेल्याच्या विधीसाठी, मनुका उकळून द्राक्षारस करते. स्मरणिकेत पंचांनी तिच्यावर एक ओळ छापू दिली नाही. म्हणून हे इथं लिहिते आहे, आणि रागानंच लिहिते आहे.

पहिला गोरा साहेब घोड्यावर आला होता, विहिरीजवळ तंबू ठोकून राहिला होता, एवढं तिनं आजोबांकडून ऐकलेलं. भिंतींचे दगड त्या आजोबांनीच वाहिले. पुढचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तिनं एकेका सवयीनं लक्षात ठेवलेत. एक जण दुष्काळात स्वतः विहिरीत उतरून गाळ काढायचा. एक जण गायचा छान, पण पोरांच्या कानाखाली वाजवायचा. "त्येच्या बायकूनं मला शिलाई शिकिवली. लई गुणाची बाई," एवढं त्याच्या बाजूनं मावशी सांगायची. पाचव्या पाळकाचं, रेव्हरंड शांतवन रणभिसेंचं नाव निघालं की ती सूप ओढून तांदूळ निवडायला घ्यायची. 

मला कारण ठाऊक होतं. मावशीचा नवरा कोंडीबा चर्चची घंटा वाजवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या पोटात गाठ झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. कोंडीबाचा थोरला भाऊ ख्रिस्ती झालेला नव्हता. तो रडत आला आणि त्यानं कुठल्याशा देवाचा काळा दोरा धाकट्याच्या मनगटाला बांधला. दुसऱ्या दिवशी रणभिसे प्रार्थनेला आले. दोरा दिसला, तसे म्हणाले, तोडा. कोंडीबा म्हणाला, "भावानं बांधलाय, साहेब. ऱ्हाऊ द्या. तेवडंच त्येला बरं वाटंल." रणभिसे प्रार्थना न करताच उठून गेले. तिसऱ्या दिवशी कोंडीबा गेला.

त्याला चर्चमध्ये नेऊ दिलं नाही. घंटा वाजू दिली नाही. मूर्तिपूजकाला दफनभूमीत जागा नाही म्हणून भिंतीबाहेर, बाभळीत पुरायला लावलं. हे सगळं कशामुळं, तर माणूस दोऱ्यामुळं देव सोडत नाही, भावाचं मन राखतो, हे त्या शिकलेल्या माणसाला कळलं नाही म्हणून. वर मावशीला वर्षभर शिस्तीखाली टाकलं, म्हणजे मंडळीत बोलायचं नाही आणि प्रभुभोजनाला यायचं नाही. वर्ष सरायच्या आत साहेबांची शहरात बदली झाली. चार वर्षांनी रस्ता रुंद झाला आणि भिंतीबाहेरची पट्टी त्यात गेली. भिंतीच्या आतल्या कबरी जागच्या जागी आहेत. कोंडीबावरून उसाचे ट्रॅक्टर जातात.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. प्रभुभोजनाआधी पाळक विचारतात, कुणाच्या मनात कुणाबद्दल अढी आहे का. असेल त्यानं उठायचं, त्या माणसासमोर जाऊन बोलायचं, समेट करायचा. तोवर मेजावरच्या भाकरीच्या ताटांवरचं फडकं काढत नाहीत. बहुतेकदा जावाजावांचं कोंबडीवरून असतं. समेट झाला नाही तर दोघांनीही त्या महिन्यात मेजाजवळ यायचं नाही, मग तो कुणी का असेना.

पुढच्या पाळकांनी मावशीची शिस्त उठवली. ती मेजाजवळ गेली नाही. "माज्या मनात हाय, अन् तो मानूस हितं न्हाय. समेट कुनासंगं करू?" एकोणीस वर्षं ती दर महिन्याला द्राक्षारस करून द्यायची आणि दाराशी बसून राहायची.

शताब्दीच्या प्रभुभोजनाला बिशपसाहेब यायचे होते. प्रभुभोजन कुणी द्यावं, हे पंचांनी मावशीलाही विचारलं, उगीच, म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून. ती म्हणाली, "रणभिसे सायबाला बलवा. त्यांच्या हातनं हुंद्या." पंचांना गहिवरून आलं. मी तिला घरी विचारलं, "मावशे, माफ केलंस व्हय त्यांना?"

"समूर तर येऊ दे," ती म्हणाली आणि मनुका धुवायला बसली. मी ओळखलं. पंचांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

रणभिसे आले. ऐंशीचे झालेले, पांढरा झगा, दोन मुलगे, सुना, नातवंडं बरोबर. चर्च खच्चून भरलेलं. बिशप शेजारी बसलेले. रणभिसेंनी रिवाजाप्रमाणं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फडक्याला हात घातला.

"माज्या मनात हाय," मावशी दारातून म्हणाली.

ती सतरंज्यांच्या मधून सावकाश पुढं गेली. रणभिसेंनी तिला ओळखायला जरा वेळ घेतला. मग त्यांचा चेहरा उतरला.

"कोंडीबाला भाईर का पुरला?" तिनं विचारलं.

रणभिसेंनी आधी नियमाचं काही सांगायला घेतलं. बिशप त्यांच्याकडं बघत होते, मुलगे बघत होते. नियम अर्धाच टाकून ते मेजामागून बाहेर आले. हात जोडले. "रंभाबाई, माझं चुकलं. तेव्हा मला कळलं नाही. त्यांना आत आणू. मी स्वतः प्रार्थना करीन."

"कुटनं आनता? रस्ता उकरता का?"

त्यांना रस्त्याचं माहीतच नव्हतं. शेजारच्या पंचानं कानात सांगितलं. म्हातारा खाली वाकून तिच्या पायांना हात लावायला गेला. मावशीनं पाय मागं घेतले.

"माफ करा," ते म्हणाले.

"न्हाय," मावशी म्हणाली. "मी एकुनीस वर्सं उपाशी हाय. आता तुमी बी ऱ्हावा."

रीत म्हणजे रीत. रणभिसेंनी ताट बिशपांच्या हाती दिलं आणि झग्यासकट पुरुषांच्या सतरंजीवर जाऊन बसले. भाकरीचा तुकडा त्यांच्यासमोरून पुढं गेला, पेला पुढं गेला. दाराशी मावशीसमोरूनही गेला. मी माझा तुकडा घेतला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी तो मला गोड लागला.

आराधना संपल्यावर ते तिच्याजवळ आले. "काय करू मी आता?"

"दर म्हैन्याच्या पैल्या रविवारी असतंय," ती म्हणाली. "येत जावा. इचारत जावा."

ते येतात. सोलापूरहून पहिल्या एसटीनं, काठी टेकत, एकटे. प्रश्न आला की उठतात, सगळ्यांसमोर हात जोडून विचारतात. मावशी न्हाय म्हणते. दोघंही मेजाबाहेर बसतात. नवे पाळक मला म्हणाले, मावशीला जरा समजवा, माणूस थकला आहे. मी त्यांना सांगितलं की मावशीनं एकोणीस वर्षं काढली, साहेबांचे अजून पाचच महिने झालेत.