पेठच्या डोंगरातला शनिवारचा प्रश्न

साळवे भाऊजींचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते आणि माझा नवरा सुनील टीव्हीसमोर होता. "वहिनी, भात निघालाय. रविवारी कापणीची उपासना आहे. दोघंही या. आणि सुन्याला सांगा, नागलीची भाकरी मिळेल." स्पीकर चालू होता. मी काही बोलायच्या आत सुनील म्हणाला, "येतो रे."

मी बघतच राहिले. आमच्या नाशिक रोडच्या चर्चमध्येही सुनील हल्ली येत नव्हता. भांडण झालं नव्हतं, कुणी दुखावलं नव्हतं. एके काळी हाच माणूस संडेस्कूलच्या मुलांना गाणी शिकवायचा, नाताळच्या नाटकासाठी कापसाच्या दाढ्या चिकटवायचा. मग लॉकडाऊनमध्ये उपासना मोबाइलवर आली. आधी आम्ही आंघोळ करून, नीट कपडे घालून समोर बसायचो. मग चहाचा कप हातात आला, मग पेपर. चर्चचं दार पुन्हा उघडलं तेव्हा ऑफिसच्या कामाने दमलोय, पुढच्या रविवारी बघू, असं सुरू झालं. मग मी विचारणं सोडलं. आपणच आपली समजूत घालतो की थकला असेल.

साळवे भाऊजी म्हणजे अशोक साळवे, सुनीलचा शाळेपासूनचा मित्र. नाशिकमधला नावाजलेला प्रवचनकार. त्यांचं बोलणं ऐकायला लोक दुसऱ्या जिल्ह्यांतून यायचे. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांनी अचानक सगळं सोडलं आणि बायकोला, मंगलवहिनींना, घेऊन पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर राहायला गेले. का, ते आम्हाला कधी धड कळलं नव्हतं.

शनिवारी सकाळी निघालो. जाणार असाल तर पेट्रोल शहरातच भरून घ्या, आणि पंचवटी लवकर पार करा. पेठ नाक्याशी एकदा ट्रक अडकले की तुमची सकाळ गेली. पेठला एसटी जाते, पण पुढच्या पाड्यांसाठी जीप शोधावी लागते, म्हणून आम्ही आमची जुनी गाडीच काढली. शहराबाहेर द्राक्षाच्या बागा लागतात, मग बागा संपतात आणि डोंगर सुरू होतात. घाटाची वळणं फार अवघड नाहीत, पण गुजरातकडून येणारे मोठे ट्रक समोरून आले की श्वास रोखला जातो. घाट चढून गेल्यावर एका टपरीवर गरम भजी आणि चहा घेतला. टपरीवाल्या बाईंनी मिरची तळून वर मीठ भुरभुरवलं होतं. तेवढ्यासाठीसुद्धा तिथे थांबा.

पाड्याचं नाव मुद्दाम देत नाही. ते काही पर्यटनस्थळ नाही आणि तिथे राहायला लॉज नाही. पेठपासून अर्ध्या तासाचा रस्ता, शेवटचा तुकडा कच्चा. कापून झालेली भातखाचरं पायऱ्यांसारखी खाली उतरत गेलेली, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या, आणि हवेत कोरड्या पेंढ्याचा वास. फोनला रेंज फक्त शाळेच्या मागच्या टेकाडावर. सुनीलने ती दोनदा शोधली, मग फोन गाडीत ठेवून दिला.

मंगलवहिनींनी ताट वाढलं. नागलीची, म्हणजे नाचणीची, काळसर भाकरी, उडदाचं घट्ट वरण, लाल मिरचीचा ठेचा आणि नव्या तांदळाचा भात. नवा भात जरा चिकट होतो, पण त्याला जो गोडवा असतो तो शहरातल्या जुन्या तांदळाला नाही. मी तिसऱ्यांदा वाढून घेतला.

जेवण झाल्यावर भाऊजी आम्हाला शेताकडे घेऊन गेले. बांधावर बसल्यावर सुनीलने सरळ विचारलं, "अशोक, तू नाशिक का सोडलंस? आता तरी सांग."

भाऊजी म्हणाले, "एक गृहस्थ खूप आजारी होते. त्यांच्या बायकोने मला बोलावलं. मी खाटेशी उभा राहून प्रार्थना केली. शब्द नेहमीसारखे भराभर येत होते. आणि अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की मी पुढच्या सभेला पोहोचायला कुठला रस्ता घ्यावा याचा विचार करतोय. तोंड चालू होतं. आमेन म्हटल्यावर त्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, फार सुंदर बोललात."

"मग?"

"बोललात म्हणाल्या, सुन्या. त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. पण खरंच, मी नुसतं बोललोच होतो, प्रार्थना नव्हती ती. घरी आल्यावर आठवायला लागलो, की लोक समोर नसताना आपण देवाशी शेवटचं कधी बोललो? आठवेना. मी एकही रविवार चुकवला नव्हता, आणि तरी केव्हाच लांब गेलो होतो."

मी आजवर समजत होते की चर्चला न जाणारी माणसंच दूर जातात.

इथे ते नाताळच्या तयारीसाठी महिनाभर आले आणि राहिले. आता सकाळी थोडी शेती, दुपारी मुलांचा अभ्यास. मंगलवहिनी शिवणाचा वर्ग चालवतात. मी त्यांना एकट्या गाठून विचारलं, तुम्हाला आवडतं का इथे? त्या हसल्या. "खरं सांगू? मला यायचं नव्हतं. अजूनही पावसाळ्यात दवाखान्याची धास्ती वाटते. पण हे माणूस म्हणून परत आलेत घरात. आधी पाहुणे होते."

ऊन उतरल्यावर आम्ही सगळे यमुनाबाईंच्या पडवीत गेलो. यमुनाबाई या पाड्यावरच्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर. अंगाने काटक, कपाळावर हिरवं गोंदण, आवाज खणखणीत. दर शनिवारी इथे चार-पाच जण जमतात. पाठ नाही, प्रवचन नाही. एकमेकांना फक्त एक प्रश्न विचारायचा: या आठवड्यात देवाशी बोललास का? पाड्यावर राहायला आल्या आल्या भाऊजींनीच यमुनाबाईंकडे हे मागितलं होतं, मला दर शनिवारी विचारत जा म्हणून. यमुनाबाईंनी अट घातली होती, की मग मलाही विचारायचं.

त्या दिवशी सुरुवात त्यांनीच केली. "माझा काय जमला नाय. भाताची झोडणी चालू व्हती. अंग टेकला का डोळा लागं. देवाला म्हटला, तूच बघ."

कुणी मान डोलावली, कुणी हसलं. मग भाऊजींची पाळी आली. ते चाचरत म्हणाले, "शहरातून बोलावणं आलंय. मोठी सभा आहे. मला जायचंय. काल आरशासमोर उभं राहून पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. दोनदा. आवाज कसा लागतोय ते बघायला." त्यांचे कान लाल झाले होते. हजारो लोकांसमोर न अडखळणारा माणूस पाच जणांच्या पडवीत अडखळत होता, आणि मला ते इतकं मोठं वाटलं की सांगता येत नाही.

"मंग जा की," यमुनाबाई म्हणाल्या. "चांगला बोलतोस तर बोल. पण आल्यावर शनवारी इथं बस. आम्ही इचारू."

मग त्या सुनीलकडे वळल्या. आम्ही पाहुणे, मला वाटलं, हसून टाळेल.

"नाही," तो म्हणाला. "आणि या आठवड्यातच नाही असं नाही. खूप दिवस झाले. राग नाही माझा कुणावर. देव नाही असंही वाटत नाही. पण बोलायचं राहून जातं. आधी राहून गेलं की टोचायचं. आता टोचत पण नाही. त्याचीच भीती वाटते."

मी त्याच्या शेजारी बसले होते. आम्ही एका घरात राहतो, एका ताटातला घास एकमेकांना देतो, आणि तो भीत होता हे मला एका परक्या पडवीत कळलं. मी त्याला चर्चला येतोस का हे कितीदा तरी विचारलं होतं. हे कधीच विचारलं नव्हतं.

भाऊजी आता काहीतरी सुंदर बोलतील असं वाटलं. ते बोलले नाहीत. यमुनाबाई पुढे सरकल्या. "मंग आज आमच्यासंगं बस. तुझ्या वाटचा आज मी बोलते. उद्या तुझा तू बोल." आणि त्यांनी डोळे मिटून, शेजाऱ्याशी बोलावं तशा मोकळ्या आवाजात देवाला सांगितलं की हा सुनील, नाशकावरून आला, लय दिवस घराकडं आला नाय, पण आज दारापर्यंत आला, तर तू जरा बाहेर ये. एवढंच. मग चहा आला. गवती चहा घातलेला, कोरा.

रविवारची उपासना म्हणजे खरा सोहळा. पत्र्याच्या छोट्या देवळात, म्हणजे पाड्यावरच्या चर्चमध्ये, पुढे भाताच्या लोंब्या, नागलीची कणसं, भोपळे, वालाच्या शेंगा आणि टोपलीत पाय बांधलेला एक कोंबडा. सगळं गाणं त्याच्या ओरडण्याबरोबर चाललं होतं. भाऊजी शेवटच्या चटईवर बसले होते. शास्त्रपाठ एका तरुण मुलीने वाचला आणि ऐकलेल्या गोष्टी घट्ट धरून ठेवल्या नाहीत तर माणूस नकळत वाहून जातो, एवढाच अर्थ सांगून ती खाली बसली. नंतर अंगणात आणलेल्या वस्तूंचा लिलाव. सुनीलने चढाओढीत कोंबडा घेतला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग त्याला कळेना की याचं करायचं काय. गाडीतून न्यायला मी साफ नकार दिला. कोंबडा मंगलवहिनींकडे राहिला.

तुम्हाला वाटेल की सुनील त्या दिवशी पुढे जाऊन गायला. नाही. तो मागेच बसला, ओठही फारसे हलले नाहीत.

परतताना घाट उतरून सपाटीला लागल्यावर तो म्हणाला, "सकाळी खाचराकडे गेलो होतो. बोलायचा प्रयत्न केला. काही सुचेना. शेवटी नुसतं म्हटलं, हजर आहे."

"मग?"

"मग काय. बरं वाटलं."

या प्रवासाला खर्च जवळजवळ नाही. पेट्रोल, भजी, आणि तुमची इच्छा असेल तर लिलावात एखादा भोपळा. कुणाच्या घरी उतरणार असाल तर चहा-साखर घेऊन जा; तिथे दुकान लांब आहे. भात निघाल्यानंतरचे दिवस उत्तम, पहाटे थंडी असते, शाल ठेवा. बाकी काय आणलं म्हणाल, तर मंगलवहिनींनी सोबत दिलेले नवे तांदूळ संपत आले. भाऊजी त्या सभेला जाऊन आले. चांगलं बोलले म्हणे, आणि शनिवारी पडवीत बसले.

आमचं घर काही एकदम बदललं नाही. सुनील दोन रविवार चर्चला आला, तिसऱ्या रविवारी नाही आला. पण शनिवारी चहाच्या वेळी आम्ही एकमेकांना विचारतो. कधी त्याचं उत्तर "नाही" असतं. ते ऐकून आता मला राग येत नाही, कारण निदान मला ते माहीत असतं.

मागच्या शनिवारी त्याने मला विचारलं. मी पोळ्या लाटत होते. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी मी, तोंडात "हो" आलंच होतं. मग माझा हात थांबला.

"थांब," मी म्हटलं, "आठवू दे."

त्याने तव्याखालचा गॅस बंद केला आणि स्टूल ओढून समोर बसला.