साठ किलो कांदे आणि एक स्कूटर

साडेसातच्या आत पोचला तर तो सांबार, नंतर पोचला तर गुरांचा चारा. अमरावतीत कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि सकाळच्या पोह्यांवर तो पडला नाही तर घरातल्या पुरुषमाणसांना पोहे खाल्ल्यासारखे वाटत नाही. हे ज्ञान जमुना होलेने बावीस वर्षांत कमावले होते आणि तिचा सगळा धंदा त्यावरच उभा होता. वलगाव रस्त्याला सव्वा एकराचा मळा, त्यात मेथी, पालक, सांबार, चवळीच्या शेंगा; आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, साईनगरात, तिची एक्केचाळीस घरे. रोजची, बांधलेली. अडत्यापुढे ढीग ओतून तो म्हणेल त्या भावाला मान डोलवण्यापेक्षा दारोदार हिंडणे तिला पसंत होते. दारात भाव ती सांगत असे.

बावीस वर्षे नवऱ्याने, देवमनने, तिला मोटारसायकलवर नेले. मागे जमुना, दोन्ही बाजूंना पोती. यंदा महाशिवरात्रीच्या सुमारास देवमनच्या कमरेतली चकती सरकली. डॉक्टरांनी मोटारसायकल बंद आणि ओझे बंद, असे बजावले. जमुना ऑटोने जाऊ लागली. पोती दिसली की ऑटोवाले मान वळवून पुढे निघून जात, आणि जो थांबे तो आधी बाकीची माणसे पोचवी, मग हिला. साईनगरात पाय ठेवेपर्यंत साडेनऊ. तोवर घरोघर फोडण्या पडून गेलेल्या.

एप्रिल संपता संपता एक्केचाळिसांची सव्वीस झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या रागिणी मॅडम बँकेत नोकरीला. त्यांनी खिडकीतूनच सांगून टाकले, "जमुनाबाई, तुमचा पालक चांगला, पण मी तो डब्यात नेऊ की संध्याकाळी त्याच्या तोंडाकडे बघत बसू? आता फोनवर मागवते. सातला दारात असतो."

"फोनवरचा पालक एकदा धुऊन पाहा," जमुना म्हणाली. "पालकापेक्षा पाणीच हिरवं होइन."

बाई हसल्या. घेतले मात्र काही नाही. उरलेली सव्वीस पावसाळा लागेपर्यंत जाणार, हे जमुनाला कुणी सांगायची गरज नव्हती. मग पुन्हा अडत्या, पुन्हा मान डोलावणे.

तेव्हा स्वतःची गाडी हवी, हे ठरले. पेट्रोलची नको, हेही ठरले. एक्केचाळीस दारांशी थांबायचे, एक्केचाळीस वेळा पुन्हा सुरू करायचे. त्या धुरातच मेथीचा नफा गेला असता. बॅटरीची हवी. आणि नव्वद हजारांच्या वर एक रुपया नाही. इथपर्यंत घरात एकमत होते. इथून पुढे नव्हते.

"बिनालायसनची घे," देवमन बाजेवर पडल्यापडल्या म्हणाला. "त्याले नंबरबी लागत नाई. पंचवीसच्या वर पयतच नाई ते. पडशीन तरी धीरे पडशीन."

जमुनाला हे फार पटले. लग्नाआधी ती सायकल चालवत असे, त्यामुळे तोल जाईल अशी भीती नव्हती. भीती होती लायसनची. लायसन म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे संगणकासमोर बसणे, आणि सातवीनंतर जमुना कुठल्याच परीक्षेला बसली नव्हती. चाळीस बायकांशी भाव करणारी बाई एका खिडकीमागच्या कारकुनाला घाबरते, असले प्रकार आपल्याकडे काही कमी नाहीत.

मुलगी आकांक्षा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने दोन दिवस मोबाइलमधून डोके वर काढले नाही. "आई, ही बघ. एका चार्जमध्ये एकशे चाळीस किलोमीटर. केवढा स्क्रीन आहे. गाणीपण लागतात."

"गाणे ऐकून सांबार ताजा राह्यते काय वं?"

"अगं, म्हणजे सोय म्हणून."

कोपऱ्यात सासरे बसले होते. चंद्रभान, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना कमी ऐकू येते असा घराचा समज आहे, पण त्यांना हवे ते सगळे ऐकू येते. एके काळी बैल घ्यायचा म्हटला की अकोल्यापासून परतवाड्यापर्यंतची माणसे चंद्रभानला बाजारात घेऊन जात. दलाल दात दाखवी, शिंगे दाखवी, पाठीवरून हात फिरवी, आणि चंद्रभान तिकडे बघतसुद्धा नसे. तो म्हणायचा, बंडी भर. भरल्या बंडीला बैल जुंपून भर उन्हात नाल्याची चढण चढवायला लावायचा, आणि वर आल्यावर त्याचा दम किती वेळात बसतो ते बघत उभा राहायचा. कितीतरी दलालांनी त्याला शिव्या घातल्या. फसला मात्र तो एकदाही नाही.

"शंभर, एकशे चाळीस," चंद्रभान म्हणाले. "रिकाम्या बंडीले तं कोनताबी बैल घोडाच असते. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी ते निघाले ते घरच्या काट्यावर मोजलेली तीस-तीस किलो कांद्यांची दोन पोती घेऊन. आकांक्षाचा चेहरा उतरला.

"आबाजी, शोरूममध्ये कांदे? माझ्या कॉलेजची पोरं असतात तिथं."

"मंग त्यायलेबी दाखव. कांदेच तं हायेत."

शोरूम रेल्वेवरच्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी होते. विक्रेता अश्विन, बार्शीटाकळीचा, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. त्याने पाणी दिले, पंख्याखाली बसवले आणि तोंडपाठ धडा सुरू केला. जमुनाने बिनालायसनच्या गाडीकडे बोट दाखवले. निळी, चकचकीत, पुढे टोपली. तिला ती पाहताक्षणी आवडली. खरे तर ती न पाहताच आवडून बसली होती.

"घ्या ना काकू, एक चक्कर मारा. हिला काहीच लागत नाही."

"चक्कर तूच मार," चंद्रभान म्हणाले. "हे दोन पोते घे, अन् त्या पुलावर जाऊन ये."

अश्विनने आधी कांद्यांकडे आणि मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिले. मे महिना, दुपारचे साडेबारा. "आजोबा, संध्याकाळी बघू का? आत्ता गाडी तापेल."

"तापनारच. मले तेच पाह्याचं हाये."

नाही म्हणावे तर गिऱ्हाईक जाते. अश्विनने एक पोते पायाशी घेतले, एक मागे बांधले आणि निघाला. चंद्रभान डोक्याला दुपट्टा गुंडाळून पुलाच्या तोंडाशी कडुनिंबाखाली उभे राहिले. शेजारी जमुना. निळी गाडी सपाट रस्त्यावर छान गेली. चढण लागली तशी मंदावली. अर्ध्यावर एक सायकलवाला तिला मागे टाकून पुढे गेला आणि जाताना वळून हसला. मग अश्विनने दोन्ही पाय खाली टेकले, आणि बराच वेळ तो गाडीला आणि गाडी त्याला ढकलत होती.

तो घामाने निथळत परत आला. "आजोबा, ओव्हरलोड होतं ना."

"हे तं रोजचंच हाये बावा."

जमुनाची परीक्षेतून सुटायची वाट त्या पुलाच्या मधोमध बंद पडली होती.

मग आकांक्षाची लाडकी आली, मोठ्या स्क्रीनवाली. ती पूल पाखरासारखी चढली, पण तिच्या पायाशी मधोमध उंचवटा, पोते काही केल्या उभे राहीना. दोन्ही मागे बांधली तर परतीच्या वळणावर एक सुटले, कांदे रस्त्यावर गडगडले, आणि आकांक्षाच्या कॉलेजच्या दोन मुलींनीच ते गोळा करून दिले. शिवाय किंमत नव्वदच्या कितीतरी पुढे. आकांक्षाने त्या गाडीचे नाव नंतर काढले नाही.

तिसरी भिंतीकडेला उभी होती, राखाडी, सीटवर धूळ. पायाशी सपाट, रुंद जागा, पुढे पिशवी अडकवायला दोन आकडे. आकांक्षाने ती मोबाइलवर पहिल्याच दिवशी खोडली होती, कारण कंपनी स्वतःच पंच्याऐंशी किलोमीटर सांगत होती. अश्विनने ती उगीच काढली. दोन्ही पोती पायाशी आणि मागे अशी नीट बसली. गाडी चढणीला लागली, जरा हळू झाली आणि त्याच चालीने वर गेली. घाई नाही, कुरकूर नाही. "अजून एकदा," चंद्रभान म्हणाले. मग अजून एकदा. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी सीट उघडायला लावून बॅटरीवर तळहात ठेवला, काढला, थोड्या वेळाने पुन्हा ठेवला.

"चार्जिंगला लावून दाखवतो," अश्विन घाम पुसत म्हणाला.

"थांब. बजारातून तापून आलेल्या जनावराले कोनी लगेच पानी पाजते काय? दम बसू दे."

अश्विनचा हात थांबला. त्याने टेबलावरची कंपनीची पुस्तिका उघडून पान काढले आणि आकांक्षापुढे धरले. गाडी तापली असल्यास अर्धा तास थांबूनच चार्जिंग सुरू करावे. "आमच्या घरीही बैल होते," तो म्हणाला, "पण मला हे ट्रेनिंगमध्ये कळलं."

"पंच्याऐंशी म्हनते ना?" चंद्रभान म्हणाले. "भरल्या बोज्यानं साठ धरजो."

आकांक्षाने मनातल्या मनात रस्ता मोजला. मळा ते साईनगर, गल्ल्या, परत. "सव्वीस किलोमीटर, आबाजी. फार तर अठ्ठावीस."

"मंग ते एकशे चायीस कोनाच्या बारशाले न्याचे होते?"

किंमत नव्वदच्या आत बसत होती. सगळे जुळले होते, फक्त गाडीच्या मागे नंबरप्लेटची जागा होती. जमुना खुर्चीवर बसली. "ह्याले लायसन लागते."

"लागतं काकू." अश्विनने आवाज खाली आणला. "पण सकाळी सहाला कोण बघतंय?"

"कोनी पाह्यत नाई म्हनून तं अजूनच नाई," जमुना म्हणाली. "उद्या कोनाच्या आंगावर घातली, मंग काय त्याले कांदे देऊ?" मग ती सासऱ्यांकडे वळली. "मामाजी, तुमी काय म्हनता?"

"मी काय म्हनू? गाडी पास झाली. आता तुयावर हाये."

आणि ते खरेच बाहेर जाऊन ऑटो बघायला लागले. सल्ला देण्याची एवढी हौस असलेला माणूस ऐनवेळी तोंड मिटतो तेव्हा फार राग येतो, पण उपयोगही होतो. जमुनाने अश्विनला सांगितले, "दहा दिवस बाजूले ठेवा. शिकाऊ लायसन घेऊनच येतो. नाई आली तं विकून टाका."

पुढचे नऊ दिवस मळ्यात मेथीच्या जुड्या बांधता बांधता आकांक्षा प्रश्न विचारी आणि जमुना उत्तरे देई. खुणांच्या चित्रांत ती चुकायची. लाल गोलात दोन मोटारी दिसल्या की ती म्हणे, "इथं गाड्या ठेवा." आकांक्षा म्हणे, "आई, ओव्हरटेक करू नका असं आहे ते." मग जमुना ती खूण भिंतीवर कोळशाने काढून ठेवी. एका प्रश्नावर मात्र ती चिडली. मागून रुग्णवाहिका आल्यास काय कराल? "बाजूले व्हाल, अजून काय कराल? हे इचारा लागते काय लोकायले?"

"लागतं," बाजेवरून देवमन म्हणाला. पहिल्यांदाच त्याने बिनालायसनचे नाव काढले नाही.

खिडकीमागचा कारकून प्रत्यक्षात एक चष्मेवाली मुलगी निघाली. प्रश्न मराठीत होते. जमुनाचे दोन चुकले, दोन्ही चित्रांचे. हिरवे अक्षर उमटले तेव्हा तिला ते वाचायलाच सुचेना, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने सांगितले, "पास झाल्या ना मावशी, उठा आता, मले बसू द्या."

गाडी घरी आली. रोज संध्याकाळी प्लॉट पाडलेल्या रिकाम्या ले-आउटवर जमुना शिकली. तीनदा पडली, त्यातली एकदा घराशी येऊन, स्वतःच्याच सांबाराच्या वाफ्यात. चंद्रभान बाजूला उभे राहून फक्त "ब्रेक हळू" म्हणत. शिकाऊ पाटी असेपर्यंत मागे लायसनवाले माणूस हवे, आणि आकांक्षाने ते कॉलेजला लागतानाच काढले होते, म्हणून सुट्टीतली ती पहाटे उठून मागे बसू लागली, जांभया देत, मांडीवर सांबाराची टोपली.

पहिल्या सकाळी त्या सात वाजून दहा मिनिटांनी साईनगरात होत्या. जमुनाची हाक तिसऱ्या मजल्यावर गेली तशी रागिणी मॅडम खिडकीत आल्या आणि आधी गाडीकडेच बघत राहिल्या.

"तुम्ही चालवत आणली?"

"नाई तं काय, हे मागची बसून राह्यली नुसती."

"आजचा पालक आलाय हो माझा. उद्या एक जुडी ठेवा. बघते."

"बघू नका, खा," जमुना म्हणाली आणि पुढे निघाली.

त्या पंधरवड्यात गेलेल्या पंधरा घरांपैकी नऊ परत आली. सहा आली नाहीत. त्यातल्या एकीने तर दारही उघडले नाही, आतूनच "नको" म्हणाली. जमुनाला ते लागले. पण जूनच्या एका सकाळी पस्तीसही घरे आटोपली तेव्हा घड्याळात आठही वाजले नव्हते. पोत्यात बारा-पंधरा जुड्या उरलेल्या, बॅटरीत अर्ध्याहून जास्त चार्ज.

"चल आई घरी," आकांक्षा म्हणाली. "भूक लागली."

जमुनाने गाडी घराकडे वळवली नाही. कॉलनीच्या पलीकडे नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, बाल्कन्यांत कपडे वाळत होते. पायी तिकडे जायला तिला कधी वेळच पुरला नव्हता. ती फाटकातून आत शिरली, मधोमध थांबली आणि अनोळखी खिडक्यांकडे तोंड करून मोठ्याने हाक दिली. मागे आकांक्षाने ओढणी डोळ्यांवर घेतली.

मग दुसऱ्या मजल्यावर एक जाळी सरकली.

"सांबार ताजा आहे का?"

"पहाटे तोडला," जमुना म्हणाली. "खाली या, वास घेऊन पाहा."