पोत्यात भरलेल्या निगेटिव्ह

ती केस आठवली की आजही माझे डोके तापते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण राग टिकून राहिला तो या चोरीचा. चोरीला गेले होते काय, तर फोटोच्या निगेटिव्ह.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच धरमपेठेतला एक फोटोग्राफर ठाण्यात आला. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. त्याच्या स्टुडिओतले निगेटिव्हचे कपाट कोणीतरी रिकामे केले होते.

पंचनाम्याला गेलो. कॅमेरे जागेवर, गल्ल्याला हात नाही, कुलूप शाबूत. म्हणजे चोराकडे किल्ली होती आणि काय न्यायचे हे त्याचे आधीच ठरलेले होते. मी विचारले, "इतक्यात कोणी जुन्या फोटोंची चौकशी केली होती?"

"नरखेडकडचे एक गृहस्थ आले होते. मुलीच्या लग्नाच्या फोटोच्या कॉप्या मागत होते. खूप घाईत होते."

त्या गृहस्थांना बोलावले. सोबत मुलगी आली. जावई खापरखेड्याच्या कॉलनीत राहणारा, पक्क्या नोकरीचा. वर्षभर नांदवून त्याने तिला माहेरी पाठवले आणि आता शहरातल्या एका घरी दुसरे लग्न ठरवले होते. पहिल्याबद्दल विचारले तर सरळ नाही म्हणायचा.

"लग्नच झालं नाही म्हणते तो, साहेब!" म्हातारा ओरडला. "मांडवात पाय धुतले मी त्याचे!"

लग्नाचा अल्बम सासरी. लग्न लावणारे भटजी वारलेले. नोंदणी करायची पद्धत तेव्हा खेड्यात नव्हतीच. गावातले साक्षीदार होते, पण ते सगळे मुलीकडचे म्हणून वकील उडवून लावणार. राहिल्या होत्या त्या निगेटिव्ह. मुलगी रडली नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला खुर्चीत बसवेना.

फोटोग्राफरने मला बाजूला घेतले. "साहेब, कोणाले सांगू नका. त्या लग्नाची आणखी एक फिल्म आहे." पूर्वी एका पावसाळ्यात त्याच्या बऱ्याच फिल्मांना बुरशी लागली होती. तेव्हापासून तो प्रत्येक लग्नाचे मोजके फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यानेही काढायचा आणि ती फिल्म शहराच्या महाल भागात बहिणीच्या घरी पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. "लग्न काही पुन्हा लावता येत नाही न," तो म्हणाला.

फिल्म ताब्यात घेतली, रीतसर पंचनामा केला आणि त्याला सांगितले, बाहेर मात्र सगळे गेले म्हणूनच सांगत राहा.

खबर इतवारीच्या बाजारातून आली. जुन्या फिल्मा कॉस्टिक सोड्यात उकळून त्यातली चांदी काढणारा एक कारागीर तिथे होता. दवाखान्यांचे जुने एक्स-रे त्याच्याकडे नेहमी येत. कोणीतरी पोतेभर लग्नाच्या आणि माणसांच्या फिल्मा आणून टाकल्या, तेव्हा त्याला शंका आली आणि त्याने आमच्या हवालदाराला सांगितले. तोवर अर्धे पोते उकळून झाले होते. विकणाऱ्याचे वर्णन ऐकताच फोटोग्राफरने माणूस ओळखला. तो त्याच्याच स्टुडिओत रिटचिंग करणारा, म्हणजे निगेटिव्हवरचे डाग झाकणारा माणूस होता, कित्येक वर्षे त्याच्या घरी जेवलेला.

त्याला ठाण्यात आणले, पण हात उचलावा लागला नाही. उरलेले पोते टेबलावर ओतले आणि म्हणालो, "बोल."

"एकच पाकीट पाहिजे होतं त्या नवरदेवाले. ते देऊन टाकलं."

"मग बाकीच्या काहून नेल्या?"

"एकच गेलं असतं तर लगेच समजलं असतं न साहेब, कोणतं गेलं ते."

इतक्या सहज म्हणाला तो! एक पाकीट लपवायला हजारो माणसांचे चेहरे उकळत्या सोड्यात घातले होते.

जावयाला चौकशीला बोलावले. इस्त्रीचा बुशशर्ट, सोबत एक वजनदार मामा. मी विचारले, "या मुलीला ओळखता?"

"कधी पाहिलं नाही."

"लग्न?"

"फोटो दाखवा न. लग्न झालं तर फोटो असतीलच."

बाजूने मामा म्हणाले, "साहेब, फिल्मच्या चार पट्ट्यांसाठी सभ्य माणसाले काहून त्रास देऊन राहिले?"

जबाब लिहून झाला. मग मी महालातल्या फिल्मवरून काढलेले फोटो एकेक करून मांडले. अंतरपाट. सप्तपदी. मंगळसूत्र बांधताना वाकलेला हा, आणि मागे टोपी सावरत उभे हे मामा. मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्या दोघांना मी काय सुनावले ते इथे छापण्यासारखे नाही.

ठरलेले दुसरे लग्न मोडले. जावई आणि रिटचर दोघांनाही शिक्षा झाली, मुलीला पोटगी मिळाली. फोटोंचा संच मी तिच्यापुढे केला, तर ती म्हणाली, "मले नको जी. कोर्टात ठेवा. मी खोटी नव्हती, एवढं दिसलं, बस झालं."

केस इथे संपली. पण त्या दिवसांत स्टुडिओसमोर माणसे येऊन उभी राहत, आपले काही वाचले का विचारायला. त्यात एक बाई होती. तिचा तरुण मुलगा विहिरीवरच्या पंपाचा शॉक लागून गेला होता. घरातला फोटो वाळवीने खाल्ला, म्हणून ती नवा काढून घ्यायला आली होती. साध्या पोर्ट्रेटची दुसरी फिल्म फोटोग्राफर ठेवत नसे. मी स्वतः तिला ठाण्यात बसवून, तिने सांगितलेल्या वर्णनावरून उरलेल्या पोत्यातली पट्टी न् पट्टी उजेडाला धरून पाहिली. तो मुलगा त्यात नव्हता.

आरोपपत्रात या मालाची किंमत भंगाराच्या दराने लिहावी लागली. कायद्याला दुसरा दर ठाऊक नव्हता. माणसाचे काय चोरीला गेले, हे मालाच्या किमतीवरून ठरवायचे नसते, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पण त्या बाईला सांगण्यासारखे त्यात काहीच नव्हते. ती उठली, पदर सारखा केला आणि मला विचारले, "साहेब, तुम्ही त्याले पाहिलं असतं, तर ओळखलं असतं का जी?"