डोलकाठीवरचा टेलर

आमच्या धक्क्यावर ज्याला सगळे कप्तान म्हणतात, तो ही गोष्ट घडेपर्यंत कधी समुद्रात गेला नव्हता. म्हणूनच म्हणायचे. जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, मग दुकान विकून एक म्हातारी शिडाची होडी घेतली आणि आणून बांधली ती नेमकी माझ्या होडीशेजारी. करमणूक अशी घरपोच मिळायलाही नशीब लागतं.

माणूस अबोल. टेलरच्या तोंडात टाचण्या असतात, बोलायची सोय नसते. पण याच्या टाचण्या घरी आल्यावरही निघत नाहीत, हे त्याची बायकोच सांगायची. वहिनी मात्र बोलायला लागल्या की भिंतीनेही मान डोलवावी.

कप्तानाचं स्वप्न एवढंसंच. किनाऱ्याकिनाऱ्याने पंधरा दिवस भटकायचं, दोघांनीच. एकटा जाणार असता तर केव्हाच गेला असता. त्याला बायको सोबत हवी होती. वहिनींनी अट घातली, "आधी रेडिओ बसवा. मधेच काही झालं तर हाक कुणाला मारू, माशांना? रेडिओ बसला की येते."

आता रेडिओचा अँटेना बसतो डोलकाठीच्या टोकावर, चांगला चार मजले उंच. आणि आमचा कप्तान स्टुलावर चढला तरी डोळे मिटून घेणारा! त्या अटीला आम्ही मनोमन नमस्कार केला.

पण टेलरच तो. उंची नाही तर नाही, खालून सुरुवात केली. केबिनच्या फळ्या उकलून, अस्तर लावावं तशी मागून केबल नेली. कोपऱ्यात कुठे तिला मुरड पडू दिली नाही. म्हणे मुरडली की आतून तुटते आणि वरून दिसत नाही. डेकच्या भोकाबाहेर तिला खाली झोल दिला, पावसाचं पाणी केबलवरून आत न शिरता तिथूनच ठिबकावं म्हणून. मी म्हटलं, "कप्तान, केबल वाढत्या अंगाची ठेवलीत वाटतं?" हसला नाही. तो कधीच हसत नाही.

आणि एका सकाळी तो चढला. फळीच्या झोपाळ्यात बसला, डोळे घट्ट मिटले, वहिनींच्या भावाने, म्हणजे त्याच्या मेहुण्याने, दोराची चरखी फिरवत त्याला टोकापर्यंत नेलं आणि दोर खुंट्याला बांधला. वरून कप्तानाने दोऱ्याला शिसं बांधून पोकळ डोलकाठीत सोडलं, खाली मेहुण्याने त्याला केबल बांधली, आणि पायजम्यात नाडी ओवावी तशी ती कप्तानाने वर ओढून घेतली. पाय थरथरत होते, हात नव्हते.

ऐकून बघायला त्याच्या खिशात माझाच हातातला रेडिओ होता. जोडणी झाल्यावर तो ओरडला, "मेहुणे, माइकचं बटण दाबा आणि काहीतरी बोला!" मेहुणे केबिनमध्ये गेले, हॅलो हॅलो केलं, माइक गादीवर टाकला. वहिनी डबा घेऊन आल्या आणि त्या माइकवरच बसल्या. बटण दाबलेलं ते दाबलेलंच.

कप्तानाने तोवर अँटेनाच्या पट्टीचे चार स्क्रू तोंडात धरले होते. खिशातून बायकोचा आवाज आला. माझ्या केबिनमध्येही आला. अख्ख्या बंदरात आला, कारण बंदरात सगळे त्याच चॅनेलवर कान लावून असतात.

"चढले की रे खरंच!"

"तूच अट घातलीस ना, ताई?"

"अरे, मला काय माहीत? जन्मभर घरातले पडदे मी लावले. म्हटलं साप मरावा, काठी मोडू नये."

"आता काय करशील?"

"गुडघा दुखतो म्हणेन."

"गुडघा मागच्या वर्षी झाला."

"मग चक्कर! अरे, पंधरा दिवस त्या तोंडासमोर बसायचं? लग्न झालं तेव्हा वाटलं, लाजतात. मग वाटलं, दमतात. मग कळलं, आत काही नाहीच. नुसतं अस्तर."

मी ओरडून सांगू शकलो असतो. पण चालू नाटकात उठून उभं राहणं बरं दिसत नाही. मी आवाज वाढवला.

वर कप्तानाचे पाय थरथरायचे थांबले. त्याने तोंडातला एक स्क्रू काढला, बसवला. मग दुसरा. मग तिसरा. चौथा बसवून जोडाला चिकटपट्टी गुंडाळली, टोक दाबून साफ केलं, आणि मगच दोर हलवला.

खाली उतरला तेव्हा वहिनी गादीवरून उठल्या होत्या. माइक सापडला होता. चेहरा धुतलेल्या कापडासारखा.

"आवाज स्वच्छ आला," कप्तान म्हणाला. "अट पुरी झाली. सोमवारी निघू."

"अहो, पण माझा गुडघा..."

रेडिओ खरखरला आणि कुणीतरी म्हणालं, "मग चक्कर!" कोण ते सांगत नाही, पण आवाज बराचसा माझ्यासारखा होता. धक्काभर हशा पिकला. सात-आठ होड्यांनी भोंगे वाजवले.

त्यानंतर नाही म्हणायला तोंड कुठे होतं? बाजारात पाववालाही विचारू लागला, "वहिनी, गुडघा की चक्कर?" सोमवारी त्या होडीत बसल्या. मेहुणे पोहोचवायलाही आले नाहीत.

निघून तीन दिवस झाले आणि संध्याकाळी रेडिओ बोलला. वहिनीच.

"कुणी आहे का? कुणीही चालेल. हे निघाल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. जेवण पुढे ठेवतात, पांघरूण घालतात, बोलत नाहीत. मी माफी मागितली. दोनदा मागितली. कुणी आहे का?"

शब्द न् शब्द ऐकू येत होता. केबलला कुठे मुरड नव्हती ना. बंदरात ऐकत सगळेच होते. शेवटी मी बटण दाबलं.

"वहिनी, आवाज स्वच्छ येतोय."

इकडून तिकडून खिदळणं ऐकू आलं. 

"हसा हो, हसा," त्या म्हणाल्या. "पण बंद करू नका."

बंद कोण करतंय! मी खुर्ची आणखी जवळ ओढली.