म्हशीच्या तोंडचा चोथा

आमच्या कारखान्यात व्हिस्की तयार होते. इस्लामपूरच्या बाजूला, चारी अंगांनी ऊस आणि मध्ये आमची चिमणी. मी तिथं बॉयलरवर आहे. ज्या वाफेवर सगळी दारू उकळते ती वाफ करणारा मी, आणि घरात वडील माळकरी. आबांनी माझ्या नोकरीला कधी नावं ठेवली नाहीत, पण पहिल्या पगाराचे पेढे आणले तेव्हा म्हणाले, देवापुढं नको, आपण खाऊ. ते मी आजवर विसरलेलो नाही.

कोळशाचे दिवस मला कुणी गोड करून सांगू नयेत. रुमाल नाकाला बांधूनही रात्री थुंकी काळी यायची. वारा गावाकडं फिरला की दोरीवरचं धुणं पुन्हा धुवावं लागायचं आणि बायका माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. तेव्हा कोळसा जावा असं मलाच सगळ्यात जास्त वाटत होतं.

आता चोथ्याचं सांगतो. बार्ली दळून गरम पाण्यात भिजवायची, तिचा गोड रस काढून घ्यायचा. खाली उरतो तो चोथा. पुढं रस आंबतो, त्याची दारू होते. चोथा त्याच्या आधीच बाजूला निघालेला असतो, त्यात दारूचा थेंब नसतो. पण हे गावाला कोण पटवणार? रोज सकाळी मागच्या गेटावर बायका पाट्या घेऊन यायच्या, वॉचमन तोंड फिरवायचा आणि चोथा गोठ्यांत पोचायचा. म्हशी त्यावर तुटून पडायच्या, दूध वाढायचं. घरात मात्र 'पेंड आणली' असंच म्हणायचे. दारूच्या कारखान्यातलं खाऊन म्हैस दूध देते हे बाहेर पडलं, तर ते दूध नैवेद्याला कोण घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या बायकांत माझी वहिनी असायची. थोरला भाऊ विट्याकडच्या पाहुण्यांबरोबर तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात होता, तिकडंच वारला. वहिनीनं माहेरची एक म्हैस आणली, एकीच्या दोन केल्या. चूल एकत्र होती, तरी स्वतःच्या खर्चाला तिनं घरात कुणापुढं हात पसरला नाही. दुधावर मुलीला सांगलीला नर्सिंगला घातलं. तिच्या ताठ मानेचा मला अभिमान होता. बोलून दाखवला नाही, हा आमच्या घराण्याचा गुणच आहे.

मग कोळसा बंद करायचं ठरलं. पुण्याहून एक बाई आल्या, वयानं लहान, पण कामाला चोख. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी गाव बोलावलं. चोथ्यापासून गॅस करायचा, गॅस बॉयलरला जाळायचा, हे त्यांनी फळ्यावर काढून समजावलं आणि सरळ विचारलं, "हा चोथा सध्या कुणी नेतं का? कुणाच्या उपयोगाचा असेल तर तो आम्ही घेणार नाही. गॅससाठी दुसरं काहीतरी बघू."

कुणी बोलेना. आबा पहिल्या रांगेत बसलेले, गळ्यात माळ. मागं बायकांत वहिनी खाली मान घालून उभी. आमच्या कारखान्याचे साहेब माझ्याकडं वळले, "तुम्ही गावातलेही आणि कंपनीतलेही. तुम्ही सांगा."

मी उभा राहिलो. आबांच्या माळेकडं एकदा बघितलं आणि म्हणालो, "कुणी नेत नाही, मॅडम. वायाच जातो."

त्यांनी ते लिहून घेतलं. बाईंवर माझा राग नाही. त्यांनी विचारलं होतं.

गॅसची मोठी टाकी झाली. कमी पडलं तर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, विटा. खोटं कशाला बोलू, ज्योत देखणी आहे, निळी, तिच्यापुढं उभं राहून आता खोकला येत नाही. धुणंही पांढरं राहतं. बाटलीवर हिरवं पान छापलंय. ती बाटली जिथं फुटते तिथल्या लोकांना ते पान बघून बरं वाटत असेल. वाटू दे. मागच्या गेटाला कुलूप लागलं.

वहिनीनं काही महिने दुकानातली सरकी आणून बघितली. दूध आटलं. दिवाळीआधी एक म्हैस गेली, शिमग्याला दुसरी. त्या दिवशी आबांच्या पुढ्यात कोरा चहा आला. कपात बघत त्यांनी मला विचारलं, "चोथा बंद झाला म्हणून इकली व्हय?"

मी म्हणालो, "तुमाला म्हाईत हुतं?"

"गोठ्यात मी झाडलोट करतोय रं. पेंड कशी असती ते मला कळत न्हाई? मग सभेत का बोलला न्हाईस?"

"तुमी समोर हुता. माळ…"

"माळ माझ्या गळ्यात हाय, म्हशीच्या न्हाई."

एवढं बोलून ते चहा प्यायले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जनाची नाही तर मनाची म्हणून साहेबांकडं गेलो, खरं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना? आता सगळा प्लांट त्या चोथ्यावर उभा आहे." चूक त्यांची नव्हतीच, म्हणून भांडताही येईना.

त्याच आठवड्यात वहिनी माझ्या खोलीच्या दाराशी आली. काही मागायला म्हणून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोरीचं शेवटचं वर्ष राहिलेलं. म्हणाली, "भावजी, तुमच्या कंपनीत मला काय काम हाय का बघा की. कसलंबी चालंल."

ठेकेदाराकडं एकच जागा होती, गॅस प्लांटवर. आता वहिनी रोज फावड्यानं चोथा टाकीच्या तोंडात लोटते. माझ्या बॉयलरच्या दारातून ती समोर दिसते, न बघायचं म्हटलं तरी दिसते. परवा पाणी प्यायला गेलो तर तिनं मूठभर चोथा उचलून माझ्यापुढं धरला.

"हात लावा भावजी, अजून कोमट हाय. असला आमाला कवा मिळाला न्हाई. गेटावर येईस्तवर गार व्हायचा." आणि तिनं ती मूठ टाकीत सोडली.