सुभेदारांच्या पाठीवरचा पंप

माझी शेवटची मोठी पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाच्या चौकीवर होती. मी नर्सिंग असिस्टंट, म्हणजे डॉक्टर जिथे पोचत नाही तिथला अर्धा डॉक्टर. पोस्ट कमांडर होते सुभेदार मारोती घागरे. ते लोधीखेड्याजवळचे, मी शेजारच्या सौंसरचा. एवढ्या उंचीवर आपल्या बोलीत शिव्या देणारा माणूस भेटला म्हणून पहिल्या दिवशी मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवसापासून त्या शिव्या मलाच मिळू लागल्या.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज उभं राहणं, मग बर्फ उपसणं, मग खालच्या कॅम्पवरून रेशन आणि रॉकेल पाठीवर वाहून आणणं, असा दिनक्रम होता. पाठीवरच्या ओझ्याला फौजेत पिट्ठू म्हणतात. साहेबांचा नियम होता, पिट्ठू पोस्टवरच उतरेल. एकदा त्यांचाच जेरीकॅन गळला आणि वाटभर रॉकेल पाठीत झिरपलं. वर येऊन कोट काढला तर कातडं सोललेलं. मी मलम शोधू लागलो.

"पावडर मार अन् सोड," ते म्हणाले. "रिपोर्ट सिक म्या कधी केलं नाई."

आठवड्यात पाठ बरी झाली. ती तेव्हा चांगली चिघळली असती तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

त्याच चौकीवर एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं. ओठ निळे पडले, छातीत घरघर सुरू झाली. वायरलेस सेटवरून खाली मदत मागितली. उत्तर आलं, "वेदर खराब. वेट. आउट." सिलिंडर एकच होता. तो एकदम लावावा की पुरवून पुरवून, असा मी हिशेब करत होतो. साहेब ओरडले, "ऑक्सिजन लगा, देवराव! सोचता क्या है!" मी लावला. जवान वाचला आणि खाली गेला. तेव्हापासून साहेबांचा माझ्या मलमांवर नाही, पण ऑक्सिजनवर पूर्ण विश्वास बसला.

आम्ही दोघं पाठोपाठ रिटायर झालो. साहेबांनी संत्र्याचा बगीचा सांभाळला. मी सौंसरला औषधाचं दुकान टाकलं. लोक भेटले की विचारतात, किती दुश्मन मारले? माझ्या कामात मारायचं काहीच नव्हतं, मरणारे मात्र पाहिले. त्यातलं सगळ्यात वाईट मरण सीमेवरचं नाही. ते लोधीखेड्याच्या बगीच्यातलं आहे.

पलटणीचा बॅटालियन डे आम्ही या भागातले फौजी दरवर्षी कोणाकडे तरी जमून साजरा करतो. त्या वर्षी साहेबांनी आपल्या बगीच्यात बोलावलं. आता फौजेत कोणी मोठा माणूस येणार असला की आधी गवत निघतं. इन्स्पेक्शन असलं की गवत काढा, जनरल साहेब येणार की गवत काढा. साहेबांच्या संत्र्याखाली त्या पावसाळ्यात गाजरगवत कमरेएवढं वाढलं होतं. ते म्हणाले, पलटण येणार आणि मैदान असं?

गाजरगवत तुम्ही रस्त्याकडेला पाहिलंच असेल. गाजरासारखी पानं, पांढरी बारीक फुलं, गुरं तोंड लावत नाहीत. त्याचा कण अंगाला लागून कोणाला काहीच होत नाही आणि कोणाचं कातडं पेटतं. साहेब दुसऱ्या जातीचे निघाले. उघड्या अंगाने ते आठ-दहा दिवस गवत उपटत राहिले. मान, कोपरं, पाठ सगळीकडे पुरळ उठलं. खाजेने जीव जायची पाळी आली तेव्हा बाजेच्या काथ्याला पाठ घासली. कातडं रक्ताळलं.

मग कोणीतरी सांगितलं की हात लावायची गरजच नाही, तणनाशक मारा. पॅराक्वाट आणलं. आपल्याकडे त्याला औषध म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं. मी औषध विकतो, म्हणून हा शब्द मला तिथे सहन होत नाही.

पंप जुना होता, झाकणातून गळत होता. साहेबांनी तो पाठीवर घेतला आणि पट्टे आवळले. सदरा त्या विषारी पाण्याने चिंब झाला तरी टाकी रिकामी होईपर्यंत पंप उतरला नाही. घरातून वहिनींनी हाका मारल्या तर म्हणाले, ओल्या पाठीनं म्या पहाड चढलो हाओ. दोन दिवस हे चाललं. धड कातड्यातून हे विष फारसं आत जात नाही. साहेबांचं कातडं मात्र गाजरगवताने आणि काथ्याने आधीच उघडं केलं होतं.

बॅटालियन डेच्या जेवणाचं ठरवायला मी गेलो तेव्हा फवारणी संपली होती. गवत पिवळं पडून लोळत होतं. साहेब बाजेवर पालथे होते आणि पाठीवर तळहाताएवढे फोड होते.

"हे कशानं झालं, साहब?"

"पंप गळून राहिला होता. रॉकेलवानी हाय, जाईन दोन दिवसांत. मैदान पाय ना बे. कसं साफ झालं!"

"लघवी होते काय?"

"कालपासून कमी हाय." मग जरा चिडून, "तू काऊन असा पाहून राहिला?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, आइकतेत काय थे माहं? पलटणीतले लोक येऊन राहिले, मैदान साफ पायजे, एवढंच."

मी पाठ साबणाने धुतली, सदरा फेकला आणि गाडी मागवली. साहेब निघायला तयार नव्हते. शेवटी मी म्हणालो, बॅटालियन डेला फिट राहायचं असेल तर चला. तेव्हा उठले.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी लघवी काचेच्या नळीत घेतली आणि तीत तपासणीची पावडर टाकली. लघवी निळी झाली. निळी म्हणजे विष आत आहे. त्याला उतारा नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. किडन्यांचं मशीन लावलं, इंजेक्शनं सुरू झाली.

या विषाचा दुष्टपणा असा की ते माणसाला मध्ये सुट्टी देतं. चार-पाच दिवस साहेब चांगले होते. वॉर्डबॉयला चादरीची घडी कशी घालायची ते शिकवलं. मला म्हणाले, मटनाचं सांगून ठेव, बगीच्यात चूल कुठं मांडायची ते मी येऊन दाखवतो. वहिनींनी जामसांवळीच्या हनुमानाला नवस बोलला. मला ती निळी नळी आठवत होती आणि मी हो हो म्हणत होतो.

मग दम लागू लागला. आधी उठताना, मग बोलताना, मग नुसतं पडल्यापडल्या. कॉटच्या उशाशी भिंतीत ऑक्सिजनचा नळ होता. साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "लाव."

डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. गवतात हे विष उन्हाने चढतं, फुप्फुसात ऑक्सिजनने. जितका जास्त ऑक्सिजन द्याल तितकं फुप्फुस लवकर जळेल. थोडीही आशा असेल तोवर लावायचा नाही.

"साहब, आता नाही लावता येत. त्यानं वाढते."

"कोन म्हणते?"

"डॉक्टर मॅडम."

"थे राहू दे. म्या सांगून राहिलो ना तुले?" दम घेऊन ते पुन्हा म्हणाले, "हुकूम हाय, देवराव."

मी त्यांचा हुकूम कधी मोडला नव्हता. तेव्हा मोडला, आणि त्यानंतर रोज मोडला. ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत ती मला नीट माहीत होती. चौकीवरून पळालेल्या माणसाकडे ते असेच पाहत. वहिनी एकदा माझ्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, भाऊजी, लावा ना, हवाच तं हाय. मला रडू आलं. मी तिथेच रडलो, पण नळाला हात लावला नाही.

एका सकाळी डॉक्टरबाईंनी नवा एक्स-रे उजेडावर धरला आणि खाली ठेवला. मला म्हणाल्या, "आता लावा. त्यांना जरा बरं वाटेल."

अर्थ मला कळला. मास्क मी स्वतःच्या हाताने बांधला आणि नळ उघडला. साहेबांनी डोळे उघडले. मास्कमागून शब्द आले, एकेक करून.

"शाबास. एवढा उशीर... काऊन केला बे?"

मी म्हणालो, "चूक झाली, साहब." दुपारी ते गेले.

बॅटालियन डे ठरल्या दिवशीच झाला. वहिनींनीच निरोप पाठवला, मैदान त्यांनी तुमच्यासाठी साफ केलं, या. आम्ही टाय, बिल्ले, मेडल लावून संत्र्याखाली रांगेत उभे राहिलो. पलटणीत शहीद झालेल्यांची नावं त्या दिवशी पुकारतात आणि सगळे मिळून "हाजिर" म्हणतात. नावं संपली. मी एक पाऊल पुढे गेलो आणि पुकारलं, "सुभेदार मारोती घागरे." मागून एकजण पुटपुटला, ते शहीद कुठे? कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. "हाजिर" मात्र सगळ्यांनी म्हटलं, त्यानेही.

मग दोन मिनिटं सावधान. जमीन साफ होती, साहेबांना हवी तशी. माझ्या बुटाच्या टोकाशी मातीतून दोन कोवळी पानं वर आली होती. औषध हिरवं जाळतं, मातीतल्या बियांना काही करत नाही. गाजरगवतच होतं. आम्ही सावधानमध्ये होतो, म्हणून मला वाकून ते उपटता आलं नाही.